ट्रायक्लोरोची टाकी, वेल्डिंगचा उजेड आणि एका दिवसाचे प्रशिक्षण : अंबडमधला अनुभव

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमचा चौदा कामगारांचा लहानसा कारखाना आहे. तयार झालेल्या सुट्या भागांवरचे तेल काढण्यासाठी ते ट्रायक्लोरोएथिलिनच्या, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या ‘ट्रायक्लोरो’च्या, टाकीत धुतले जातात आणि त्या टाकीपासून जेमतेम पंधरा फुटांवर वेल्डिंग चालत असे. ग्राहक कंपनीच्या ऑडिटमध्ये या अंतरावर बोट ठेवले गेले, तेव्हा शहरातल्या एका संस्थेचे एक दिवसाचे रासायनिक सुरक्षा प्रशिक्षण आम्ही कारखान्यातच ठेवले. माझ्या काही तक्रारी असल्यामुळे संस्थेचे नाव येथे देत नाही.

प्रशिक्षणाचा उत्तम भाग म्हणजे फॉस्जीन या विषारी वायूवरचे दीड तासाचे सत्र. ट्रायक्लोरोसारख्या क्लोरीनयुक्त द्रावकाची वाफ वेल्डिंगच्या आर्कपर्यंत, म्हणजे प्रखर विद्युत ठिणगीपर्यंत, किंवा तापलेल्या धातूपर्यंत पोहोचली की तिचे विघटन होते आणि हायड्रोजन क्लोराइडबरोबर फॉस्जीनही तयार होऊ शकतो, हे प्रशिक्षकांनी आमच्याच टाकीसमोर उभे राहून समजावले. जॉन डेव्ही यांनी १८१२ मध्ये हा वायू सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने तयार केला, म्हणून ‘प्रकाशातून जन्मलेला’ अशा अर्थाचे ग्रीक नाव त्याला मिळाले. आमच्या शेडमध्ये सूर्याचे काम आर्कमधली अतिनील किरणे करत होती, हे ऐकून आमचा वेल्डर टाकीकडे पाहतच राहिला.

हा वायू रंगहीन असून हवेपेक्षा सुमारे साडेतीन पट जड आहे, त्यामुळे तो खड्ड्यांत आणि तळघरांत साचतो. त्याचा उत्कलनबिंदू सुमारे ८ अंश सेल्सिअस आहे. निफाडचा पारा कडाक्याच्या थंडीत त्याखाली उतरतो, तेव्हा तिथल्या पहाटे तो द्रवरूपात राहील, ही तुलना प्रशिक्षकांची नव्हे, माझी. विरळ प्रमाणात त्याला नुकत्याच कापलेल्या गवतासारखा वास येतो. “सर, वास आला की बाहेर पळायचे ना?” असे आमच्या फिटरने विचारले, त्यावर मिळालेले उत्तर सर्वांच्या लक्षात राहिले : आठ तासांच्या कामासाठी प्रचलित असलेली मर्यादा ०.१ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ०.१ भाग, आहे आणि नाकाला वास कळतो तो त्याहून अधिक प्रमाण झाल्यावर, म्हणून नाकावर विसंबून चालणार नाही.

युद्धाचा इतिहास अशा वर्गांत बहुधा भीती घालण्यासाठी येतो. येथे तो लक्षणे समजावण्यासाठी आला, हे मला आवडले. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे क्लोरीन सोडला, तेव्हा त्याचा हिरवट-पिवळा ढग दिसत होता आणि घसा लगेच जळत होता. त्याच परिसरात १९ डिसेंबर १९१५ रोजी ब्रिटिश फौजांवर क्लोरीन आणि फॉस्जीन यांचे मिश्रण सोडण्यात आले. फॉस्जीनने सुरुवातीला फारसा त्रास होत नाही, त्यामुळे तो खोलवर ओढला जातो. ठणठणीत वाटणारे सैनिक काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसांत पाणी भरून कोसळत. त्या महायुद्धात रासायनिक अस्त्रांनी झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे ८५ टक्के या एकाच वायूमुळे झाले, असा अंदाज मांडला जातो. त्यावर विशिष्ट उतारा नाही. विश्रांती, गरजेनुसार प्राणवायू आणि निदान २४ तास डॉक्टरांची देखरेख एवढेच हाती असते, आणि श्रम केल्याने प्रकृती आणखी बिघडू शकते. ‘आता बरे वाटते’ म्हणून कामगाराला सायकलवर घरी पाठवणे किती घातक ठरू शकते, हे आमच्या सुपरवायझरला प्रथमच उमगले.

रासायनिक अस्त्रबंदी करारात फॉस्जीन तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे उद्योगांत मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या रसायनांच्या यादीत, आहे, कारण पॉलियुरेथेन आणि पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकांच्या उद्योगांना तो आजही लागतो. भोपाळच्या कारखान्यातही तो वापरात होता आणि १९८४ च्या दुर्घटनेपूर्वी, १९८१ मध्ये, फॉस्जीनच्या संपर्काने तेथील एका कामगाराचा मृत्यू झाला होता. हे सगळे पाच मिनिटांत उरकले, ते मात्र खटकले.

तक्रारी दोन. बोलणे मराठीत असले तरी पडद्यावरचा मजकूर सगळा इंग्रजीत होता, आणि दहावीपर्यंत शिकलेल्या मुलांनी तो केवळ पाहिला. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. दुपारी सुटकेचा सराव ठरलेला असताना प्रशिक्षकांनी श्वसनयंत्र आणलेच नव्हते. एक साधा कापडी मास्क दाखवून वेळ मारून नेली. असा मास्क वायू अडवत नाही, हे सकाळी त्यांनीच सांगितले होते. शुल्क पूर्ण घेतले, सराव अर्धाच दिला.

तरीही पुढच्याच आठवड्यात आम्ही वेल्डिंग शेडच्या दुसऱ्या टोकाला, स्वतंत्र भिंतीआड हलवले, टाकीला झाकण आणि काठाशी वाफ ओढून नेणारा पंखा बसवला, आणि धुतलेला जॉब पूर्ण सुकल्याशिवाय वेल्डरकडे द्यायचा नाही असा फलक मराठीत लावला. फॉस्जीनच्या सत्रासाठी मी पाचपैकी साडेचार गुण देईन, दुपारच्या सरावासाठी एक. संस्थेने राहिलेला सराव विनाशुल्क घेण्याचे कबूल केले आहे. श्वसनयंत्र सोबत आणणार असल्याचे लेखी मिळेपर्यंत मी तारीख दिलेली नाही.