डेबियन मेंटर्स: तपासणी चोख, स्पॉन्सर मात्र तुम्हालाच शोधावा लागतो

डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिममध्ये नवख्याचं पॅकेज (बसवण्यासाठी बांधलेलं सॉफ्टवेअर) थेट आर्काइव्हमध्ये, म्हणजे अधिकृत संग्रहात, जात नाही. एखाद्या डेबियन डेव्हलपरनं ते तपासून, स्वतःच्या डिजिटल किल्लीनं सही करून चढवावं लागतं. तो तुमचा स्पॉन्सर. त्याच्यापुढे काम मांडायची जागा म्हणजे डेबियन मेंटर्स ही मोफत सेवा. खातं उघडा, जीपीजी या डिजिटल सहीच्या साधनानं बनवलेली सार्वजनिक किल्ली टाका, सोर्स पॅकेज बांधून सही करा आणि डीपुट या अपलोडच्या आज्ञेनं पाठवा. खात्यातली किल्ली आणि सही केलेली किल्ली वेगळी निघाली तर अपलोड स्वीकारलं जात नाही.

पॅकेज चढलं की पानावरच लिंटियन या पॅकेजमधल्या चुका शोधणाऱ्या साधनाचा अहवाल दिसतो, आणि ही सेवेची खरी ताकद आहे. मात्र अहवाल स्वच्छ आला म्हणजे काम झालं असं अजिबात समजू नका. घोडं बहुतेक वेळा परवान्यांवर अडतं. मूळ प्रकल्पानं सोबत कुठून तरी आणलेली मिनिफाय केलेली (आकुंचित करून वाचता न येणारी) जावास्क्रिप्ट फाइल कोंबलेली असते, पण तिचा वाचण्याजोगा सोर्स नसतो. डेबियनच्या नियमांत हे बसत नाही. अशी फाइल कॉपीराइट फाइलमधल्या 'फाइल्स-एक्सक्लूडेड' या ओळीत नोंदवायची, यूस्कॅन या साधनाला टारबॉल (मूळ सोर्सची संकुचित फाइल) नव्यानं बांधू द्यायचा आणि आवृत्तीला '+डीएफएसजी' (डेबियनच्या मुक्त सॉफ्टवेअर नियमांचं लघुरूप) जोडायचं. उरलेल्या प्रत्येक फाइलचा परवाना स्वतः वाचून नोंदवायचा. आर्काइव्हमध्ये पहिल्यांदाच येणारं पॅकेज 'न्यू' रांगेत थांबतं आणि तिथं एफटीपी मास्टर, म्हणजे आर्काइव्ह सांभाळणारे, नेमकं हेच बघतात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे फक्त आपल्याच मशीनवर बिल्ड करून बघणं. एसबिल्ड या बिल्डच्या साधनाच्या कोऱ्या वातावरणात तेच पॅकेज न नोंदवलेल्या बिल्ड-डिपेंडन्सीमुळे (बांधताना लागणाऱ्या इतर पॅकेजमुळे) कोसळतं.

स्पॉन्सर मागायचा आरएफएस बग (डेबियनच्या बग-यादीतली विनंती) नोंदवायला तयार मसुदा इथंच मिळतो. पण उत्तर द्यायला कुणीही बांधील नाही, सगळे स्वयंसेवक. कुणाच्या ओळखीचं नसलेलं, एकट्याचं नवं पॅकेज तसंच पडून राहतं. म्हणून नवख्यानं नव्या पॅकेजनं सुरुवात करूच नये, असं आमचं ठाम मत आहे. डेव्हस्क्रिप्ट्स या पॅकेजमधली डब्ल्यूएनपीपी-अलर्ट ही आज्ञा चालवा. तुमच्याच मशीनवरची कोणती पॅकेजं अनाथ, म्हणजे सांभाळणाऱ्याविना, आहेत, ते ती सांगते. त्यातलं एक घ्या आणि साल्सा या डेबियनच्या कोड-साइटवर पायथन, पर्ल किंवा रुबी अशा संबंधित टीममध्ये काम करा. तिथं स्पॉन्सर लवकर भेटतो आणि तुमचं काम सलग पाहतो.

पुढे डेबियन मेंटेनर व्हायचं तर अशाच डेव्हलपरची शिफारस लागते. ही पायरी 2007 पासून आहे. ती मिळाली तरी हक्क सरसकट नसतो; डेव्हलपर ज्या पॅकेजची परवानगी देईल तेवढंच तुम्ही स्वतः चढवू शकता. किल्लीवर डेव्हलपरची सहीही हवी, आणि ती सहसा समोरासमोर ओळखपत्र पाहून होते. 2023 ची डेबकॉन्फ, म्हणजे डेबियनची वार्षिक परिषद, कोचीत झाली होती; असा मेळावा जवळपास आला की किल्लीचा फिंगरप्रिंट (तिची ओळख पटवणारा छोटा कोड) कागदावर छापून घेऊन जा.

मराठी भाषांतरासारखं काम करणाऱ्यांना पॅकेजिंगची सक्ती नाही. अपलोडच्या हक्काविना, पण मताधिकारासह डेव्हलपर होण्याची वाट 2010 पासून खुली आहे.