कोल्हापुरात फिल्म कॅमेरा रिपेअर करायचाय? अ‍ॅपर्चर रीडिंगचा घोळ आणि खरी कॉर्नरचं दुकान

काम एकदम चोख, बोलणं सरळ, पैसे वाजवी. फोन मात्र उचलत नाहीत आणि पक्कं बिल मिळत नाही, एवढं चालत असेल तर डोळे झाकून जावा. खरी कॉर्नरला कॅमेरा स्तंभ आहे बघा, बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची आठवण म्हणून उभा केलेला, त्याच्या मागच्या बाजूला जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर हे दुकान आहे. बोर्ड नाही, खाली कुणालाही कॅमेरावाले काका विचारलं की जिना दाखवतात. ज्या गावात १९१८ च्या सुमाराला माणसांनी स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा बनवला त्या गावात आज फिल्म कॅमेरा उघडून बघणारं कोणतरी शिल्लक आहे ह्याचा मला खरंच लय आनंद आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

माझ्याकडं निकॉन एफ ८० आहे, २००० साली आलेली बॉडी, वर ५० एमएम एफ १.८ डी लेन्स. ह्या लेन्सला अ‍ॅपर्चरची रिंग असते (अ‍ॅपर्चर म्हणजे उजेड आत येतो ते भोक, आकडा जेवढा लहान तेवढं भोक मोठं), ती २२ वर नेऊन लॉक करायची आणि मग अ‍ॅपर्चर बॉडीच्या पुढच्या डायलनं बदलायचं. रिंग २२ वर नसली की डिस्प्लेवर एफईई हा चुकीचा इशारा ब्लिंक व्हायला लागतो आणि शटर पडतच नाही. माझ्या केसमध्ये रिंग २२ वर, लॉक लावलेला, तरी एफईई. मधेच यायचं मधेच जायचं, आणि कधी कधी तर आकड्याच्या जागी नुसतं एफ आणि पुढं दोन आडव्या रेघा. तालमीत पहाटे फोटो काढायचे म्हणजे आत उजेड कमी, पोरं लाल मातीत उतरलेली, १.८ वर उघडल्याशिवाय शटर स्पीड मिळत नाही आणि नेमकं तिथंच कॅमेरा म्हणणार लेन्सच लावलेली नाही! दुसऱ्या एका शहरात दाखवला तर काउंटरवरच्यानं बॉडी हातात पण न घेता मेन सर्किट गेलंय, दुसरी बॉडी बघा, असं सांगून मोकळा झाला.

काकांनी स्क्रूड्रायव्हर काढलाच नाही आधी. पहिलं विचारलं, रेघा कधी येतात आणि एफईई कधी येतं, एकाच वेळी का वेगवेगळं? मग म्हणाले, "दोन आडव्या रेघा म्हणजे लेन्समधली चिप बॉडीला सापडंना. एफईई म्हणजे चिप सापडली, पण रिंग २२ वर हाय हे बॉडीला कळंना. ही दोन वेगळी दुखणी हायत, एक समजून औषध दिलं तर काय उपयोग?" हे इतकं साधं लॉजिक आजवर मला कुणीच सांगितलं नव्हतं.

मग अदलाबदल. माझी लेन्स त्यांच्याकडच्या बॉडीवर लावली, नीट चालली, पण लेन्स जरा हलवली की रेघा. म्हणजे चूक लेन्सच्या कॉन्टॅक्टची, म्हणजे बॉडीशी जोडणाऱ्या धातूच्या ठिपक्यांची. मग त्यांची जी सिरीजची लेन्स माझ्या बॉडीवर. आता गंमत बघा, जी लेन्सला अ‍ॅपर्चर रिंगच नसते, त्यामुळं रिंग चुकीच्या आकड्यावर असण्याचा प्रश्नच येत नाही, तरी माझ्या बॉडीवर एफईई आलं! म्हणजे ते दुखणं बॉडीतच. माउंटच्या, म्हणजे बॉडीवर लेन्स बसते त्या कड्याच्या, कडेला एक बारकी पट्टी असते, रिंग २२ वर आली की लेन्सचा उंचवटा ती दाबतो आणि बॉडीला कळतं, ती पट्टी धुळीनं आणि वाळलेल्या ग्रीसनं अडकत होती. काकांनी मला भिंगातून दाखवली, बोटानं ढकलली तरी पूर्ण आत जायला अळमटळम करत होती.

लेन्सच्या मागं पाच कॉन्टॅक्ट असतात, त्यातल्या दोनांवर काळपट थर होता. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, काडी टपकणार नाही इतकीच ओली करून, हळू पुसले. काडी काळी झाली. बॉडीकडच्या पिना स्प्रिंगवर असतात, त्या एकेक करून लाकडी टूथपिकनं दाबून सोडून बघितल्या. पट्टी पण अल्कोहोलनंच साफ केली, तेलाचा थेंब घातला नाही. मी विचारलं तर म्हणाले तेल धूळ धरतंय आणि उन्हाळ्यात पातळ होऊन नको तिथं जातंय.

त्यावरनंच पुढचा मुद्दा निघाला आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. डिस्प्लेवर ८ दिसलं म्हणजे भोक ८ चं पडलं असं नाही. मीटरिंग, म्हणजे उजेडाचं मोजमाप, होतं लेन्स पूर्ण उघडी असताना, भोक लहान करणारी पाती मिटतात ती फक्त फोटो पडताना, आणि पात्यांना तेल लागलेलं असलं की ती वेळेत मिटत नाहीत, फोटो ओव्हर म्हणजे जास्तच उजळ होतो आणि आकडा मात्र बरोबरच दाखवत राहतो. काकांनी लेन्स काढून खिडकीच्या उजेडासमोर धरली आणि मागची बारकी दांडी सोडून दाखवली, पाती चटकन मिटली पाहिजेत. माझी मिटली. मग बॉडीवर लावून ८ ठेवलं, डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं, म्हणजे फोटो न काढता पाती मिटवणारं, बटण दाबलं आणि समोरनं बघायला लावलं. शेवटी सावलीतल्या चुन्याच्या भिंतीवर मीटर धरला, शेजारी डिजिटल बॉडीला तीच लेन्स, तोच २०० आयएसओ (फिल्मची उजेड धरायची ताकद), तेच ८. शटर स्पीडमध्ये अर्ध्या स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) पण फरक नाही.

मी बसलो होतो तेव्हा एकजण ३५-७० चा झूम घेऊन आला, झूम केलं की ३.३ चं ४.५ होतंय, मीटर खराब झालाय म्हणून. काकांनी त्याला बसवून समजावलं की लेन्सवरच ३.३-४.५ लिहिलंय, फोकल लेन्थ वाढली आणि भोक त्या मानानं वाढलं नाही की आकडा चढणारच, हा बिघाड नाही. एक रुपया घेतला नाही. हे बघून माझा विश्वास बसला.

माझे ९०० घेतले, त्यात बॉडीचं चिकट झालेलं मागचं दार पण पुसून दिलं, एफ ८० वाल्यांना हा त्रास माहीत असेलच.

आता अडचणी. एफ ८० चे स्पेअर पार्ट त्यांच्याकडं नाहीत, शटर किंवा सर्किट गेलं तर ते स्पष्ट नाही म्हणतात. जुन्या मॅन्युअल बॉडीचा स्क्रू नाहीतर रिंग लागली तर उद्यमनगरात लेथवर करून घेतात, पण त्याला वेळ लागतो आणि कधी मिळेल ते सांगत नाहीत. पावसाळ्यात लेन्स उघडून बुरशी काढायचं काम घेत नाहीत, आपल्याकडची ओल बघता ते मला पटतं, पण लांबनं येणाऱ्यानं हे धरून चालावं. दुपारी बंद. सांगली-साताऱ्यावरनं येणार असाल तर सकाळी या.

जाताना बॉडी आणि लेन्स दोन्ही न्या, नुसती एक नेली तर अदलाबदल करून बघता येत नाही. सीआर १२३ चे दोन सेल नवीन घाला. आणि एक्सपोजरची, म्हणजे फोटो जास्त उजळ नाहीतर काळा येण्याची, तक्रार असेल तर मोबाईलवर स्कॅन दाखवू नका, लॅबचा स्कॅनर उजेड स्वतःच सारखा करतो आणि त्यावरनं काहीच कळत नाही, डेव्हलप झालेल्या निगेटिव्हची पट्टी न्या, काका ती लाइट बॉक्सवर ठेवून अ‍ॅपर्चरचा दोष आहे का शटरचा हे आधी बघतात आणि मगच कॅमेऱ्याला हात लावतात.