अ‍ॅपवर शिकलेलं स्पॅनिश माद्रिदच्या बारमध्ये: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगून टाकते. खायला-प्यायला मागण्यापुरतं स्पॅनिश अ‍ॅपवर येतं. आपण मागितल्यावर समोरचा उलट जे विचारतो, ते कळण्यापुरतं मात्र येत नाही, आणि माद्रिदमध्ये घोडं तिथेच पेंड खातं.

मी पुण्याची. कामासाठी इथे यायचं ठरलं तेव्हा फोनवर एक अ‍ॅप घेतलं. आधी फुकटचं, मग इथे आल्यावर वर्षाचे पैसे भरून. नाव मुद्दामच लिहीत नाही. रेस्टॉरंटचा धडा त्यात अगदी सुरुवातीलाच येतो आणि "यो किसिएरा उना सेर्वेसा, पोर फावोर" (मला एक बिअर हवी होती, प्लीज) असं एक सोज्वळ वाक्य घोटून घेतलं जातं. व्याकरणात खोट काढायला जागा नाही. पण इथे काउंटरवर असं बोलताना मी कोणाला ऐकलेलं नाही. बारवाल्याची नजर पकडायची आणि "मे पोनेस उना कान्या?" (एक छोटी बिअर देतोस का?) एवढंच म्हणायचं. तेही अरे-तुरेत, फार वयस्कर माणूस असेल तर 'पोनेस'चं 'पोने' करायचं, झालं. प्लीज आणि थँक्यूची पेरणी आपल्याला शिकवलेली असते तितकी कोणी करत नाही. वाक्य प्रश्नाच्या सुरात गेलं की तेवढी अदब पुरते.

नुसती 'सेर्वेसा' मागितलीत तर लगेच प्रश्न येतो: कान्या, दोब्ले की तेर्थिओ? कान्या म्हणजे नळाच्या बिअरचा साधारण 200 मिलिलिटरचा छोटा ग्लास, दोब्ले त्याहून मोठा, आणि तेर्थिओ म्हणजे 330 मिलिलिटरची बाटली. उच्चारही इथला 'थेर्बेथा'. अ‍ॅपमधला आवाज लॅटिन अमेरिकेतला, त्यामुळे ज्यूसला तो 'खुगो' म्हणतो आणि माद्रिद 'थुमो'. एवढं समजून घेतात लोक. खरी पंचाईत म्हणजे दोघं-तिघं एकत्र गेलो की वेटर "के ओस पोंगो?" विचारतो. 'तुम्हा मंडळींना काय देऊ' यासाठी स्पेनमध्ये रोज वापरलं जाणारं हे रूप आमच्या अ‍ॅपने धड्यांत घेतलेलंच नाही.

मी बिअर पीत नाही, माझं तिंतो दे वेरानो. रेड वाइन, बर्फ आणि गोडसर सोडा. सांग्रिया (फळं घातलेली वाइन) बहुतेक पर्यटक मागतात. इथले लोक उन्हाळ्यात हे पितात. त्यावरही प्रश्न आहेच, लिंबाचं की साधं. कॉफीचं तर विचारू नका. 'काफे कोन लेचे' म्हटलं की दूध गरम हवं, कोमट हवं की थंड, हे विचारतात. कॅफिन नसलेली हवी असेल तर "दे माकिना ओ दे सोब्रे?", म्हणजे मशीनमधली की पुडीतली. पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक प्रश्नाला "सी" म्हणून मोकळी होत असे. 'हे की ते?' या प्रश्नाला 'हो' म्हटल्यावर बारवाला ज्या नजरेने बघतो, ती जगभर सारखीच असावी.

आता शाकाहार. अंडं खाते, मांस-मासे नाही. अ‍ॅपने "सोय वेखेतारियाना" शिकवलं होतं. वाक्य सगळ्यांना कळतं, पण त्याचा अर्थ प्रत्येकजण आपापल्या परीने लावतो. "पेरो आतुन सी, नो?" हे मी बऱ्याच ठिकाणी ऐकलंय. ट्यूना चालेल ना, या अर्थी. एन्सालादा मिक्स्ता नावाच्या निरुपद्रवी वाटणाऱ्या सॅलडवर ट्यूना हमखास असतो. साल्मोरेखो हे टोमॅटो, पाव आणि ऑलिव्ह तेलाचं थंडगार घट्ट सूप. खाली काहीच वावगं नाही, वर मात्र उकडलेल्या अंड्याबरोबर खामोनचे बारीक तुकडे. फरसबीत खामोन, मसुरीत चोरिथो (डुकराच्या मांसाचं सॉसेज). बिअरबरोबर फुकट येणाऱ्या ऑलिव्हच्या पोटातसुद्धा कधी कधी अँचोव्ही मासा भरलेला असतो. खामोन म्हणजे डुकराची खारवून वाळवलेली मांडी, आणि इथल्या स्वयंपाकघरात तिला आपल्या फोडणीतल्या हिंगाचा मान आहे. चिमूटभर घातला तर त्याला मांस कोण म्हणणार!

म्हणून 'मी शाकाहारी' सोडून दिलं. आता पदार्थाचं नाव घेऊन "येवा खामोन?" (यात खामोन आहे का?) विचारते, मग "ई आतुन?" (आणि ट्यूना?), मग "ई काल्दो दे कार्ने?" (आणि मांसाचा रस्सा?) हा तिसरा प्रश्न पातातास ब्रावास, म्हणजे सॉस घातलेल्या तळलेल्या बटाट्यांसाठीही विचारावा, कारण त्या तिखटसर सॉसमध्ये काही ठिकाणी मांसाचा रस्सा असतो. उत्तर हो-नाहीत येतं, ते कळतं, आणि कोणाला वाईटही वाटत नाही. निवांत मागवता येण्यासारखं बरंच आहे: पिमिएन्तोस दे पाद्रोन (मीठ घालून तळलेल्या छोट्या हिरव्या मिरच्या, त्यातली एखादीच झणझणीत निघते), वांग्याचे काप तळून वर काळसर पाक घातलेले, पान कोन तोमाते (टोमॅटो लावलेला पाव), आणि तोर्तिया. तोर्तिया म्हणजे बटाटा घातलेलं जाड आम्लेट. कांदा घातलेलं की बिनकांद्याचं, यावर इथे घराघरांत वाद आहेत. मी कांदेवाल्यांच्या बाजूने.

ग्रॅनाडाला गेलात तर अजून एक. तिथे ड्रिंकबरोबर तापा, म्हणजे छोटी खाण्याची ताटली, फुकट येतो आणि बऱ्याच बारमध्ये तो न विचारताच समोर ठेवतात. त्यामुळे "सिन कार्ने नी पेस्कादो" (मांस-मासे नको) हे ड्रिंक मागतानाच सांगायचं. ताटली आल्यावर सांगणं जिवावर येतं.

मोबाइलचा कॅमेरा धरून मेनू भाषांतरित करणारं अ‍ॅपही वापरलं. छापील मेनूला ठीक. फळ्यावर खडूने लिहिलेलं असलं की ते गांगरतं, आणि मेनू देल दियाच्या वेळी तर बऱ्याच ठिकाणी कागदच नसतो. हे दुपारचं ठरीव जेवण: पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, पेय आणि शेवटी गोड किंवा कॉफी. 1960 च्या दशकात हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत पर्यटकांसाठी ठरीव दराचं जेवण हॉटेलांना सक्तीचं केलं गेलं, त्याचं हे आजचं रूप. माझ्या ऑफिसजवळ 14 युरोला मिळतं, आणि दोनच्या आधी गेलात तर खुर्च्या रिकाम्या. वेटर येतो आणि पाच पहिले, पाच दुसरे पदार्थ एका श्वासात म्हणून दाखवतो. मला त्यातले तीन ऐकू येतात. गोडाच्या यादीत तर 'आरोथ कोन लेचे' तेवढं पकडता येतं, म्हणून दर वेळी तीच दालचिनीची थंड तांदळाची खीर. गोड "किंवा" कॉफी आहे, "आणि" नाही, हे लक्षात ठेवा.

पाण्याची बाटली विकत घ्यायची गरज नाही. 2022 च्या कचराविषयक कायद्याने हॉटेलांना नळाचं पाणी फुकट देणं बंधनकारक केलंय. "उना खार्रा दे आग्वा" (पाण्याचा एक जग) म्हणा. बिल मागितल्याशिवाय येत नाही, कितीही वेळ बसा, काउंटरवर असाल तर "मे कोब्रास?" (पैसे घेतोस का?) म्हणा. टिप दिली नाही तरी कोणी तोंड वाकडं करत नाही.

एक गोष्ट मराठी माणसाच्या पथ्यावर पडते. आपले त, द आणि खणखणीत र इथे जवळजवळ जसेच्या तसे चालतात. माझ्या इंग्रज सहकाऱ्याला 'तोर्तिया' म्हणताना घाम फुटतो. त्याचा तोटा असा की उच्चार बरा निघाला की वेटरला वाटतं हिला भाषा येते, आणि मग तो सुसाट सुटतो. "मास देस्पाथिओ, पोर फावोर" (जरा सावकाश, प्लीज) हे वाक्य पाठ ठेवाच. प्लाथा मायोर या पर्यटकांच्या चौकाच्या आसपास उलट, तुम्ही स्पॅनिशमध्ये विचारा, उत्तर इंग्रजीत येणार. सराव करायचा तर लावापिएस या वस्तीकडच्या साध्या बारमध्ये जा.

अ‍ॅपचे पुढच्या वर्षाचे पैसे मी भरलेले नाहीत. शब्दांच्या उजळणीसाठी फुकटचं ठेवलंय. त्याऐवजी आठवड्यातून एकदा इंतेर्कांबिओला जाते. बारमध्येच जमतात, अर्धा वेळ इंग्रजी, अर्धा स्पॅनिश. तिथली एक मुलगी वेटर होऊन मला भराभर प्रश्न विचारते. काल तिने "नो नोस केदा" म्हटलं, म्हणजे 'तो पदार्थ संपलाय'. अ‍ॅपच्या रेस्टॉरंटात माझं काहीच कधी संपलं नव्हतं.