पडक्या गोदामात पोर्टफोलिओ शूट: फोटोग्राफर भारी, पण टायमिंग बघा

मॉडेलिंगसाठी पोर्टफोलिओ पाहिजे होता तर नागपूरच्याच एका फोटोग्राफरकडून आउटडोअर शूट केलं भाऊ. पडक्या गोदामातले फोटो एकदम कडक, छप्पर उडालेलं अन् खिडकीतून साइडनं लाइट, त्यात चेहऱ्याच्या फोटोसाठी वापरतात ती ८५ एमएम लेन्स, चेहरा खांदे असे उठून दिसतात की जिमचे पैसे वसूल. पोझ पण सांगतो, हाताचं काय करायचं हेच तर पोट्ट्यांना समजत नाही न. मालकाची परवानगी त्यानंच काढली होती, हे आवडलं.

फुटाळा तलावावरचे फोटो मात्र ठीकठाक. भर दुपारी बोलावलं, डोळ्याखाली काळ्या सावल्या, चेहऱ्यावर उजेड फेकणारा रिफ्लेक्टर धरायला माणूस नाही. एडिटिंगमध्ये स्किन लय गुळगुळीत करतो, आधीच सांगून ठेवा. अन् मे महिन्यात तर जाऊच नका राजेहो. गोदामात जाड सोलचे बूट घाला, खिळे पडलेले असतात.