अण्णांच्या हेल्मेटवरचा स्मार्ट ग्लास: गळीत हंगामातले पंधरा दिवस

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात मिल हाउसचं मेंटेनन्स बघतो. एकोणीस वर्षं झाली. गेल्या हंगामात, जानेवारीत, आमच्याकडे स्मार्ट ग्लासचे दोन नग डेमोसाठी आले होते. एक हेल्मेटला अडकवायचा, डोळ्याच्या किंचित खाली दांडीवर छोटी स्क्रीन येणारा. दुसरा आरपार दिसणारा, ज्यात समोरच्या मशीनवरच चित्रं उमटतात. दोन्ही नग वापरायला दिलेले होते, विकत घेतलेले नव्हते, म्हणून मेकचं नाव लिहीत नाही. पण पंधरा दिवस रोज वापरले, तीनही पाळ्यांत वापरले, आणि इतर कारखान्यांतले मेंटेनन्सवाले मला फोन करून विचारतायत, म्हणून सविस्तर लिहितो.

आरपारवाला तिसऱ्या दिवशी कपाटात गेला. ऑफिसात बसून बघायला तो सुंदर आहे. मिल हाउसमध्ये मात्र हेल्मेट, गॉगल आणि तो, तिन्ही एका डोक्यावर नीट बसेनात. शिवाय ऊस वाहून नेणाऱ्या केन कॅरिअरची साखळी फिरत असताना तिच्यावरच अक्षरं दिसणं मला धोक्याचं वाटलं. या जातीतला सगळ्यांत गाजलेला, मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स २ अर्ध्या किलोहून थोडा जास्त, ५६६ ग्रॅमचा आहे. डिझाइन ऑफिस, ट्रेनिंग सेंटर इथे त्याचं काम असेल. बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, उडत असलेल्या जागेत नाही.

आता हेल्मेटवाल्याबद्दल. यात स्क्रीन आरपार नसते. हातभर अंतरावर सात इंची टॅब धरल्यासारखं चित्र दिसतं, ते बघायला नजर खाली न्यायची, काम झालं की दांडी वर सारायची. हातात काहीच धरायचं नसतं, सगळं तोंडी हुकमावर चालतं. ज्याला माहिती काढायची आहे त्याने रिअलवेअरचा नेव्हिगेटर ५०० डोळ्यांसमोर ठेवावा: ४८ मेगापिक्सेलचा कॅमेरा, आयपी ६६ (धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा), दोन मीटरवरून पडलं तरी टिकेल असा दावा, वजन पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास. त्याच कंपनीचा आधीचा एचएमटी-१ हा ३८० ग्रॅमचा होता. हा शंभर ग्रॅमचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, दोन तासांनी मानेला कळतो. कोटेशन मागवताना वजन पहिल्यांदा विचारा.

आणि हेल्मेट रॅचेटचंच लागेल. आयएस २९२५ या हेल्मेटांच्या भारतीय मानकाचा शिक्का असलेलं, मागची चकती फिरवून आवळता येणारं. आमच्याकडची साधी पट्टीची हेल्मेटं वजनाने पुढे झुकत होती आणि स्क्रीन गालावर यायची. सहा रॅचेट हेल्मेटं आणली तेव्हा कुठे खरी ट्रायल सुरू झाली.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांत जास्त वेळ डोळ्यांत गेला. स्क्रीन कोणत्या डोळ्यासमोर ठेवायची हे ठरवावं लागतं, कारण प्रत्येकाचा एक डोळा बळकट असतो. दोन्ही हात पुढे करून अंगठ्यांमध्ये छोटा त्रिकोण करायचा, त्यातून कारखान्याची चिमणी बघायची, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने चिमणी त्रिकोणातच राहते तो बळकट. आमच्या अकरा फिटरांपैकी चौघांचा डावा निघाला. दांडी डावीकडे वळवता येत नसेल तर त्या चौघांना हे यंत्र निरुपयोगी आहे.

दुसरी गोष्ट चाळिशीची, आणि ती मला कुठल्याच माहितीपत्रकात सापडली नाही. आमचे हेडफिटर अण्णा बायफोकल लावतात. स्क्रीन नजरेच्या खाली येते, म्हणजे नेमकी चष्म्याच्या जवळच्या भिंगातून दिसते. ते भिंग वीतभर अंतरावरचं वाचायला केलेलं, आणि स्क्रीनवरचं चित्र मात्र मीटरभर लांब असल्यासारखं बसवलेलं. म्हणून अण्णांना सगळं पुसट. दोन दिवस आम्ही लेन्स पुसत बसलो. शेवटी दांडी अर्धा इंच वर घेतली, चित्र वरच्या भिंगात आणलं, तेव्हा अण्णा म्हणाले, "आता दिसतंय साहेब, गेजचा काटासुद्धा दिसतोय." पन्नाशीच्या पुढचे फिटर ज्यांच्याकडे आहेत त्यांनी हे आधी करावं.

खरी परीक्षा बाराव्या दिवशी रात्री झाली. दोन वाजून दहा मिनिटांनी तीन नंबर मिलच्या गिअरबॉक्सचं ऑइल प्रेशर उतरायला लागलं. स्टँडबाय पंप लावला, फिल्टर बदलला, फरक नाही. मिल थांबवली. आमचा कारखाना दिवसाला पाच हजार टन गाळतो, म्हणजे एक तास थांबलं की दोनशे टनांवर ऊस गाडीतळावर पडून. तोडलेला ऊस जितका वाळतो तितकं त्याचं वजन घटतं, साखर घटते, आणि बाहेर ट्रॅक्टरवर जो माणूस कांबळं पांघरून बसलेला असतो तो आमच्याच गावचा असतो. मिल थांबल्यावर माझ्या पोटात गोळा येतो तो यासाठी.

पूर्वी अशा वेळी काय करायचो? गिअरबॉक्सवाल्यांच्या सर्व्हिस इंजिनिअरला पुण्याहून बोलवायचं, म्हणजे पहाट होऊन दिवस वर येणार. किंवा व्हिडिओ कॉल. हेल्परने एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात बॅटरी धरायची, अण्णांनी काम करायचं, आणि पलीकडून "जरा डावीकडे, नाही, जास्त झालं, अजून आत" असं चालायचं. तेलकट बोटांनी मोबाईलची स्क्रीन सरकत नाही. आणि इन्स्पेक्शन कव्हरच्या तोंडात एकाच माणसाचं डोकं जातं, हेल्परचा हात तिथे शिरतच नाही.

त्या रात्री मोटरचा ब्रेकर काढून कुलूप घातलं, कव्हर उघडलं, अण्णांनी हेल्मेट चढवलं आणि पुण्याला कॉल लावला. गिअर उभे ठेवून फक्त तेलाचा पंप चालू केला. अण्णांनी मान आत घातली. पलीकडच्या इंजिनिअरने चित्र थांबवलं आणि त्यावर लाल गोल काढला, तो अण्णांना स्क्रीनवर दिसला. पहिल्या जोडीवर तेलाची धार नीट पडत होती, दुसऱ्या जोडीचा पिनियन, म्हणजे लहान गिअर, कोरडा होता. गोल काढलेल्या जागी तेल पाइपच्या युनियन नटातून आतल्या आतच वाहून चाललं होतं. अण्णांनी बॅटरी एका हातात धरली, दुसऱ्या हाताने पाना लावला, नट आवळला. धार पिनियनवर आलेली आम्ही सगळ्यांनी ऑफिसातल्या पडद्यावर पाहिली. चार वाजायला दहा मिनिटं कमी असताना मिल फिरली. एक तास चाळीस मिनिटं. हे यंत्र कशासाठी घ्यायचं ते मला त्या रात्री कळलं: अण्णांचे दोन्ही हात मोकळे होते.

आता जे आवडलं नाही ते.

भाषा. आमच्या नगात हुकूम फक्त इंग्रजीत द्यायचे होते. मराठी नव्हती. अण्णांनी चौतीस वर्षं या मिलचा आवाज ऐकून बेअरिंग ओळखली आहेत, आणि त्यांना एक फोटो काढायला चार वेळा तेच तेच ओरडावं लागत होतं. मला त्याचा फार त्रास झाला. मिल हाउसमध्ये आवाज पंच्याण्णव डेसिबलच्या आसपास, ऊस कुटणाऱ्या फायब्रायझरजवळ शंभरच्या वर. यंत्राचा माइक आवाज बऱ्यापैकी गाळतो, तो दोष नाही. दोष उच्चारांचा धरला जातो, आणि तो धरायला नको. आम्ही आठ हुकूम देवनागरीत लिहून टूल बॉक्सच्या झाकणावर चिकटवले, आठवड्यात सगळ्यांना जमले. पण ज्या यंत्राची सगळी मदार बोलण्यावर आहे, त्याला फिटरची भाषा यायला हवी. विक्रेत्यांना मी हे लेखी कळवलं आहे, तुम्हीही कळवा.

डोकं ज्या बाजूला, त्या बाजूला कॅमेरा बघतो; डोळे ज्या बाजूला, त्या बाजूला नाही. वाकून काम करताना माणूस डोळे खाली घालतो, आणि कॅमेरा समोरची भिंत दाखवत राहतो. कॅमेरा हाताने खाली वळवून घ्यायची सवय लावावी लागते. शिवाय आपली माणसं "हो" म्हणताना मान हलवतात. पलीकडच्या माणसाला तेवढ्यात सगळं चित्र गदागदा हललेलं दिसतं. मान स्थिर ठेवून तोंडाने "हो" म्हणायला शिकवणं, हे ट्रेनिंगचं पहिलं काम.

बॅटरी पाळीभर चालते असं सांगतात, ती नुसतं चेकलिस्ट बघायला. व्हिडिओ कॉल सुरू असेल तर आमच्याकडे सव्वादोन तासांत संपायची. बंद न करता बदलता येणारी बॅटरी असेल तरच घ्या. रसाचा चिकटा आणि बगॅसची धूळ लेन्सवर बसते. आयपी ६६ म्हणजे पाण्याच्या झोताने आत काही जात नाही, पण लेन्सवरचा पापुद्रा ओल्या फडक्यानेच निघतो. नेटवर्कसाठी पत्र्याच्या शेडमध्ये मोबाईलच्या हॉटस्पॉटवर भरवसा ठेवू नका, आम्ही दोन वाय-फाय पॉइंट बसवले.

शिडी चढताना, चालताना दांडी वर. हा नियम आम्ही पहिल्याच दिवशी केला, कारण एका बाजूची नजर अडते. आणि डिस्टिलरीत हे नेऊच नका. इथेनॉलच्या वाफा असलेल्या भागात स्फोटरोधक प्रमाणपत्र असलेलंच यंत्र लागतं. एचएमटी-१झेड१ त्यासाठी वेगळा बनवलेला आहे. साधा नग तिथे चुकूनही नको.

एक विषय कुणी उघड बोलत नव्हतं. चौथ्या दिवशी एक तरुण फिटर म्हणाला, "साहेब, हे घातलं की तुम्ही वरनं बघत बसणार का?" त्याचं बरोबर होतं. युनियनच्या लोकांना बोलावलं, बसलो, आणि नोटीस बोर्डावर लिहून लावलं: कॅमेरा फक्त कॉलवेळी आणि सांगून केलेल्या रेकॉर्डिंगवेळी सुरू होईल, कुणाच्या हजेरीसाठी किंवा शिक्षेसाठी वापरला जाणार नाही. त्यानंतरच लोकांनी मोकळेपणाने डोक्यावर चढवलं. ही बैठक यंत्र यायच्या आधी घ्यायला हवी होती.

किमतीचं बोलायचं तर आम्हाला एका नगाचं कोटेशन दोन लाखांच्या वर आलं, कॉलच्या सॉफ्टवेअरचं वर्षाचं भाडं वेगळं. सादरीकरणात नेदरलँड्समधल्या बर्गेन ऑप झूमचं उदाहरण हमखास येतं. तिथे २०१५ मध्ये डीएचएल या मालवाहतूक कंपनीने गोदामात माल उचलणाऱ्या माणसांना चष्मे दिले आणि काम २५ टक्क्यांनी वाढल्याचं सांगितलं. ते खरं असलं तरी गोदामातलं काम दर मिनिटाला तेच असतं, आमचं नसतं. आमच्याकडे हे यंत्र महिन्यात पाच-सहा वेळाच लागेल, पण त्यातली एक वेळ पूर्ण पैसे वसूल करून देईल. म्हणून प्रत्येक फिटरला एक, असं करू नका. पाळीला एक पुरे.

आणि किती वर्षं सुटे भाग, अपडेट देणार ते लेखी घ्या. गुगलने ग्लासच्या एंटरप्राइझ आवृत्तीची विक्री १५ मार्च २०२३ ला बंद केली आणि त्याच वर्षी १५ सप्टेंबरला सपोर्टही थांबवला. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये होलोलेन्स २ चं उत्पादन थांबवलं. आमचे मिलचे गिअरबॉक्स वीस-वीस वर्षं चालतात. सभासदांच्या पैशाने घेतलेलं यंत्र तीन वर्षांत कपाटात जाणार असेल तर ते आधी माहीत असायला हवं.

आम्ही भाड्याने दोन नग घेतले, जूनपासून. ऑफ सीझनमध्ये ब्रेकडाऊन नसतं, ओव्हरहॉलिंग असतं, आणि मला ते त्यासाठीच हवे होते. अण्णा पुढच्या मे महिन्यात निवृत्त होतायत. ट्रॅश प्लेट म्हणजे मिलच्या रोलरांमधून बगॅस पुढे नेणारी प्लेट, तिचं सेटिंग त्यांच्याइतकं नेमकं आमच्याकडे कुणाला जमत नाही. प्लेट थोडी वर राहिली तर टॉप रोलरवर लोड येतो, खाली राहिली तर बगॅस साचतो, आणि ड्रॉइंगवरचा आकडा धरून केलं तरी झिजलेल्या रोलरला तो तसाच लागू होत नाही. जुलैत अण्णांनी हेल्मेट घालून दोन नंबर मिलची प्लेट बसवली. बेचाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे. त्यात त्यांचे हात दिसतात, टेम्प्लेट कुठे टेकवतात ते दिसतं, आणि एके ठिकाणी ते थांबतात, प्लेटवर हातोडीची मागची बाजू दोनदा हलकेच मारतात आणि म्हणतात, "हितं आवाज बद् आला पायजे. टण् आला तर खाली हवा हाय, परत काढायचं."

ते दोन आवाज रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ ऐकू येतात. दोन शिकाऊ फिटर रोज जेवणाच्या सुट्टीत ते लावून बसतात.