बीआयपीची सशाची अँटिबॉडी: नऊ महिने, दोन लॉट आणि एक आगाऊ बँड

पावसाळ्यात मागवलेली १०० मायक्रोलिटरची कुपी संपली, दुसरीही अर्धी झाली. आता बोलायला हरकत नाही. माल म्हणजे बीआयपी ऊर्फ जीआरपी७८ या शॅपरोनविरुद्धची (इतर प्रथिनांना नीट घडी घालायला मदत करणाऱ्या प्रथिनाविरुद्धची) सशाची पॉलिक्लोनल अँटिबॉडी, म्हणजे सशाच्या रक्तातून काढलेलं अनेक अँटिबॉडींचं मिश्रण. काम हेला (HeLa) या मानवी कर्करोगाच्या पेशींवर, मुख्यतः वेस्टर्न ब्लॉट: प्रथिनं आकारानुसार वेगळी करून पडद्यावर घ्यायची आणि हवं ते अँटिबॉडीने पट्टा (बँड) म्हणून दाखवायचं.

ब्लॉटमध्ये तक्रारीला जागा नाही. ७८ किलोडाल्टनला (प्रथिनाच्या वजनाचं एकक) स्वच्छ बँड, ट्युनिकामायसिन हे पेशीवर ताण आणून बीआयपी वाढवणारं औषध १६ तास दिलं की तोच चांगला जाड होतो. माहितीपत्रकात अँटिबॉडी १:१००० पातळ करा असं लिहिलंय. मी १:३००० वर आले तरी काही सेकंदांत सिग्नल मिळायचा. ब्लॉकिंगला, म्हणजे पडद्याच्या रिकाम्या जागा झाकायला, ५ टक्के स्किम दूध पुरलं. एकदा अख्खा ब्लॉट कोरा आला आणि मी अँटिबॉडीला शिव्या घातल्या. नंतर कळलं, ज्युनियरने टिकावी म्हणून सेकंडरीत (सशाच्या अँटिबॉडीला चिकटून सिग्नल देणाऱ्या दुसऱ्या अँटिबॉडीत) सोडियम अझाइड टाकलं होतं. सिग्नल देणारं एचआरपी हे एन्झाइम मेलं, बिचाऱ्या सशाचा काय दोष!

खरा ताप वेगळाच. शंभर किलोडाल्टनच्या जरा खाली आणखी एक बँड दिसायचा, आणि ट्युनिकामायसिनने तोही वाढायचा, त्यामुळे आधी बीआयपीचंच दुसरं रूप वाटलं. मग माहितीपत्रक नीट वाचलं: सशाला टोचलेला पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा) प्रथिनाच्या सी-टोकाचा, म्हणजे शेवटच्या टोकाचा. बीआयपीचं शेपूट केडीईएल ही चार अमिनो आम्लं, म्हणजे ईआरमध्ये (पेशीतल्या प्रथिनं घडवणाऱ्या कप्प्यात) परत आणणारा पत्ता. तोच पत्ता जीआरपी९४ या ईआरमधल्याच दुसऱ्या प्रथिनाच्याही शेपटाला. एसआयआरएनएने (ठरावीक जनुक गप्प करणाऱ्या छोट्या आरएनएने) बीआयपीचं प्रमाण पाडलं तेव्हा खालचा बँड विरला, वरचा जागचा हलला नाही; म्हणजे तो बीआयपी नव्हताच. हा कंट्रोल पहिल्या आठवड्यात करायला हवा होता, मी तिसऱ्या महिन्यात केला.

दुसरी कुपी आली ती नव्या लॉटची, म्हणजे वेगळ्या खेपेची. कॅटलॉग नंबर तोच, ससा वेगळा. १:३००० ला बँड फिका; १:१००० वर गेले तर वरचा पाहुणा यजमानाइतकाच ठळक. जुन्या लॉटबद्दल विचारलं तर संपला म्हणाले. एकाच आकृतीत दोन्ही लॉटचे ब्लॉट शेजारी लावायची माझी तरी हिंमत नाही.

इम्युनोफ्लुरोसन्सला, म्हणजे पेशीत प्रथिन कुठे आहे ते चमकवून पाहायला, घेऊ नका. बीआयपी पाडलेल्या पेशींतही केंद्रक चमकत होतं, यातच सगळं आलं.

आयपीला (इम्युनोप्रेसिपिटेशन: अँटिबॉडीने प्रथिन मिश्रणातून ओढून काढणं) मात्र छान: अँटिबॉडी जड आणि हलक्या साखळ्यांची बनते, त्यातली जड साखळी ब्लॉटवर ५० ला येते, ७८ च्या वाटेत येत नाही. गंमत म्हणजे बीआयपीला हे नावच इम्युनोग्लोब्युलिनच्या (म्हणजे अँटिबॉडीच्या) जड साखळीला धरून ठेवतं म्हणून मिळालं. आमच्या सशाच्या पेशींतही हलकी साखळी जुळेपर्यंत त्याच्या बीआयपीनेच ही अँटिबॉडी सांभाळली असणार.

साठवण सोपी. ५० टक्के ग्लिसरॉल असल्याने उणे २० ला गोठत नाही. तरी मी १०-१० मायक्रोलिटरच्या नळ्या केल्या. दिवाळीच्या सुट्टीत फ्रीझर एक रात्र बंद पडला, त्यातूनही तगली.

फक्त ब्लॉट करणार असाल तर घ्या, पण प्रबंधापुरत्या कुप्या एकाच लॉटच्या, एकदम. माझ्याकडे जुन्या लॉटच्या दोन नळ्या उरल्यात. त्यांच्यावर माझं नाव मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय; रिव्ह्यूअर ब्लॉट पुन्हा करायला सांगणारच.