भाड्याचं गोदाम: पत्र्याचं की जांभ्याचं?
रत्नागिरी-कुडाळकडे घरसामान ठेवायला भाड्याच्या खोल्या बांधायच्या, तर मी जांभ्याच्या, म्हणजे कोकणातल्या तांबड्या दगडाच्या बाजूने. पत्र्याची शेड झटपट उभी राहते, नटबोल्ट काढून हलवताही येते. पण एप्रिलमध्ये पत्रा तापतो, खाऱ्या हवेने स्क्रूच्या डोक्यापासून गंज चढतो, आणि पावसाळ्यात गाद्यांना बुरशी येऊ नये म्हणून दमटपणा शोषणारी यंत्रं चालवावी लागतात. सगळं विजेवर.

जांभ्याचा चिरा जवळच्याच खाणीतला, विटेसारखा भाजावा लागत नाही. जाड भिंत, वर कौलं, उंचावर झरोके; दुपारीही आत पंख्याशिवाय वावरता येतं. ओल इथेही येतेच, म्हणून जोतं उंच हवं आणि पागोळ्या भिंतीपासून लांब पडायला हव्यात. खाणींचे उघडे खड्डे मात्र मला खुपतात. पडक्या घराचे चिरे मिळत असतील तर आधी तेच घ्यावेत.